तळटीप : फ्री स्टेट प्रोजेक्टचा वाढीचा अंदाज

४. सरकारने कमीत कमी लुडबुड करावी असे मानणाऱ्या २०,००० अमेरिकनांनी एकाच लहान राज्यात जाऊन राहावे, ही कल्पना येल विद्यापीठातील संशोधक विद्यार्थी जेसन सोरेन्स यांनी २००१ मध्ये मांडली. तसे जाण्याचे वचन देणाऱ्या ५,००० सह्या झाल्या की राज्य निवडायचे होते. त्या २००३ मध्ये भरल्या आणि मतदानात न्यू हॅम्पशायर ठरले. लेखकाने इथे धरलेला वाढीचा वेग या पहिल्या दोन वर्षांवरच बेतलेला आहे, म्हणून तो जपून वाचावा. उरलेल्या १५,००० सह्या पुऱ्या व्हायला फेब्रुवारी २०१६ उजाडला. शिवाय सही करणे वेगळे आणि नोकरी, घर, मुलांची शाळा सोडून तिथल्या कडक हिवाळ्यात बिऱ्हाड हलवणे वेगळे. लक्ष्य गाठले तेव्हा प्रत्यक्ष राहायला आलेले सुमारे २,०००च होते. मात्र नुसती डोकी मोजून या चळवळीचे वजन कळणार नाही, हेही तितक्याच आग्रहाने सांगायला हवे. जेमतेम चौदा लाख वस्तीच्या या राज्याच्या कनिष्ठ सभागृहात ४०० सदस्य असतात, म्हणजे साधारण साडेतीन हजार लोकांमागे एक. दारोदार फिरणारे मोजके कार्यकर्तेही तिथे निवडून येऊ शकतात, आणि २००६ पासून ते येत आहेत. — संपा.