उसाच्या गोडीत हरवलेला मकरंद

१/ इ.स. १८८३. ऑस्ट्रेलियातील क्वीन्सलँड संग्रहालयाचे अभिरक्षक चार्ल्स डी व्हिस यांनी कार्डवेल परिसरातील एका निशाचर प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. नाव दिले ‘ग्रॅसिलिस’, म्हणजे सडपातळ. पुढे जवळजवळ शंभर वर्षे तो अभ्यासकांच्या नजरेआड राहिला. पुन्हा सापडला, तेव्हा त्याच्या अन्नाचा आधारच तुटत चालला होता. #थ्रेड

२/ हा महोगनी ग्लायडर. कांगारूप्रमाणे पोटावरील पिशवीत पिल्लू वाढवणारा शिशुधानी प्राणी. वजन अवघे ४०० ग्रॅमच्या आसपास. पुढच्या-मागच्या पायांमधील कातडीचा पडदा ताणून तो झाडावरून झाडावर तरंगत जातो. सह्याद्रीतील उडत्या खारीशी त्याचे साम्य आहे, नाते मात्र नाही. तरंगण्याची ही कला दोघांच्या पूर्वजांनी स्वतंत्रपणे आत्मसात केली.

३/ त्याचा आहार मुख्यतः गोड. निलगिरीच्या कुळातील झाडे, मेलाल्युका आणि बँक्सिया यांच्या फुलांतील मकरंद व पराग, बाभळीच्या जातभाई अकेशियांचा डिंक, झाडांचा रस. मकरंदातून ऊर्जा मिळते, पण प्रथिने अत्यल्प. ती उणीव पराग आणि कीटक भरून काढतात.

४/ खरी मेख येथे आहे. कोणतेही झाड बारा महिने फुलत नाही. एका जातीचा बहर ओसरताना दुसरीचा सुरू व्हावा लागतो. फुलोरा विरळ झाला की डिंकावर आणि कीटकांवर भागवावे लागते. म्हणजे या प्राण्याला नुसते ‘जंगल’ पुरत नाही. वर्षभराचे पंचांग पूर्ण करणारे, अनेक जातींचे जंगल लागते.

५/ असे विरळ, मोकळे वन टाउन्सव्हिलच्या उत्तरेपासून टलीपर्यंतच्या किनारी सखल पट्ट्यात होते. नेमकी हीच जमीन शेतीला सोयीची. १९२५ मध्ये टलीचा साखर कारखाना सुरू झाला. ऊस, केळी, गुरांची कुरणे आणि पाइनची लागवड यांनी या वनाचा मोठा भाग गिळला. माणसाच्या साखरेने ग्लायडरची साखर हिरावली.

६/ या काळात दाद कोण मागणार? अभ्यासक या प्राण्याला स्क्विरल ग्लायडरची उपजात समजत होते. १९८८ मध्ये या प्रदेशातील वर्षावनांना जागतिक वारसा दर्जा मिळाला. पण ते संरक्षण मुख्यतः डोंगरउतारांवरील दाट अरण्याचे होते. ग्लायडरचे घर होते खाली, मोकळ्या वनात.

७/ १९८९ मध्ये क्वीन्सलँड संग्रहालयाचे स्टीव्ह व्हॅन डाइक यांनी टलीजवळ त्याचा पुन्हा शोध लावला. १९९३ मध्ये त्यांनी तो स्वतंत्र जात असल्याचे मांडले. म्हणजे वनतोडीचा मोठा काळ या प्राण्याला शास्त्राच्या दप्तरी स्वतंत्र जातीचा दर्जाही नव्हता.

८/ तुकडे झालेल्या वनात उपासमार कशी येते? एका तुकड्यात हिवाळ्यात फुलणारी झाडे उरली, उन्हाळ्यातली गेली, असे समजा. अन्न पलीकडच्या तुकड्यात आहे. मध्ये उसाचे शेत. एक झेप साधारण ३० मीटरची, फार तर ६० मीटरच्या आसपास. त्याहून रुंद मोकळी जागा म्हणजे जमिनीवर उतरणे आणि शिकाऱ्यांच्या तोंडी जाणे. कुंपणांच्या काटेरी तारांत पडदा अडकूनही ग्लायडर मरतात.

९/ उरलेले वनही तसेच राहत नाही. या प्रदेशातील आदिवासी नियंत्रित आग लावून वन मोकळे राखत. ती रीत मोडल्यावर झाडांखाली वर्षावनाची झुडपे दाटली. तरंगण्याची वाट बुजली आणि गवताळ वनातील खाद्यवनस्पती दबल्या. फेब्रुवारी २०११ मध्ये यासी चक्रीवादळाने याच किनाऱ्यावरील झाडांची फुले-पाने ओरबाडली, तेव्हा ग्लायडरना पूरक खाद्य पुरवावे लागले.

१०/ आज महामार्गाकडेला ग्लायडरसाठी उंच खांब उभे आहेत, काटेरी तारा बदलल्या जात आहेत, आणि गिरिंगुन आदिवासी संस्थेचे वनरक्षक या प्राण्याच्या संवर्धनात सहभागी आहेत. एका लहानशा प्राण्याचा हा इतिहास एक मोठी गोष्ट सांगतो: वन किती हेक्टर उरले, एवढेच मोजून भागत नाही. त्यात वर्षाचे किती महिने उरले, तेही मोजावे लागते.