डोहाळ्यांतलं दुसरं हृदय

पेठच्या घरी नणंद चुलीला पोतेरा देत होती. मध्येच हात थांबला आणि ओल्या मातीचा वास तिने छातीभर ओढून घेतला. सासूबाई एवढंच म्हणाल्या, "पोरीला डोहाळे लागलेत गं." पाळी चुकल्याचं तिने तोवर कुणालाच सांगितलं नव्हतं. मग आशाताईंनी 'निश्चय' कीटवर तपासलं. दोन रेघा उमटल्या.

मी 'डोहाळे' या शब्दातच अडकले. कालिदासाच्या रघुवंशातही गर्भार सुदक्षिणेच्या तोंडाला मातीचा वास येतो. सुश्रुत सांगतो, चौथ्या महिन्यात गर्भाचं हृदय व्यक्त होतं आणि त्याच्या इच्छा आईच्या तोंडून बाहेर पडतात. म्हणून ती दोन हृदयांची, दौहृदिनी. प्राकृतात दौहृदाचं दोहल झालं. बाराव्या शतकातल्या हेमचंद्राच्या व्याकरणातली दोन सूत्रं या शब्दाला लागतात: एकाने पहिल्या द चा ड, दुसऱ्याने शेवटच्या द चा ल. दाहाचा डाह झाला, तसंच. म्हणजे आपला डोहळा तेव्हाच घडला होता! नवल असं, की कालिदासाच्या संस्कृतातलं 'दोहद' हे प्राकृत वळण घेऊन माघारी आलेलं रूप आहे.

कुणी म्हणतं, दोह म्हणजे दूध, ते देणारं दोहद. पटत नाही, डोहाळे लागतात तेव्हा दूध कितीतरी महिने लांब असतं. 'दुर्हृद', म्हणजे बिघडलेला जीव, हा पक्ष मात्र तगडा. पोथ्यांत 'दौर्हृद' असा रफारही सापडतो आणि सुरुवातीची मळमळ त्याच्या बाजूने साक्ष देते. पण डोहाळे पुरवायचे असतात, मळमळ कोण पुरवतं? तो रफार मागाहून एखाद्या पंडिताने चिकटवला असणार. शिवाय सोनोग्राफीत गर्भाचे ठोके साधारण सहाव्या आठवड्यात दिसू लागतात, जीव मळमळू लागतो तोही त्याच सुमारास. सुश्रुताचा महिना तेवढा पुढे सरकलाय.

पेठहून पन्नासेक किलोमीटरवर पांडवलेणी आहेत, तिथे सातवाहनांचे लेख आहेत. त्याच घराण्यातल्या हालाच्या नावावरच्या गाथासप्तशतीत एका गरिबाघरच्या गर्भारणीला डोहाळे विचारतात. नवऱ्याच्या जिवाला घोर नको, म्हणून ती फक्त पाणी मागते.

माती खावीशी वाटणं हे कधी रक्तात लोह कमी असल्याचं लक्षण असतं, म्हणून नणंदेचं रक्त तपासून घेतलं. मग सासूबाईंनी तिला डोहाळे विचारले. ती खाली बघत म्हणाली, "नागलीच्या पापडाची लाटी."