तांबड्या कोंबडीची कुळकथा

माणसांची कुळे शोधणारे आपल्याकडे पुष्कळ झाले. कोंबडीची वंशावळ धुंडाळण्याच्या फंदात सहसा कोणी पडत नाही. मी पडलो, आणि विषय वाटला तितका हलका निघाला नाही. आमच्या तालुक्याच्या बाजारात तांबडी कोंबडी दिसली की तिला सरसकट ‘ऱ्होड’ म्हणतात. पण त्या एका नावाखाली निदान तीन निरनिराळ्या कुळांची पाखरे खुशाल वावरत असतात.

नावाचे मूळ आहे ऱ्होड आयलंड या अमेरिकेतल्या राज्यात. तिथले हे सर्वांत लहान राज्य. आमच्या सातारा जिल्ह्याच्या निम्म्याएवढेही नाही. त्याच्या आग्नेय कोपऱ्यात, समुद्राला लागून, लिटल कॉम्प्टन नावाचे गाव आहे. विल्यम ट्रिप या तिथल्या दर्यावर्दी माणसाने 1854 साली एका खलाशाकडून मलायी जातीचा तांबडा कोंबडा घेतला आणि तो आपल्या घरच्या कोंबड्यांत सोडला. पुढची पिल्ले अंडी अधिक देऊ लागली. शेजारच्यांनी ती नेली, त्यांच्या शेजारच्यांनी त्यांच्याकडून नेली. आयझॅक विल्बर नावाच्या मोठ्या कुक्कुटपालकाने ती हजारांनी वाढवली. ‘ऱ्होड आयलंड रेड’ या नामकरणाचे श्रेय त्यालाच देतात. या मंडळींना रंगाशी फारसे कर्तव्य नव्हते. थंडीवाऱ्यात टिकावी, टोपली भरावी आणि शेवटी हंडीतही उपयोगी पडावी, एवढीच अपेक्षा.

मग आले शौकीन लोक. 1904 साली अमेरिकेच्या कुक्कुट संघटनेने एकेरी तुऱ्याच्या ऱ्होडला आपल्या प्रमाणग्रंथात जागा दिली. गुलाबासारख्या चपट्या तुऱ्याची पाठोपाठ आली. ग्रंथात शिरताच रंगाला महत्त्व चढले. प्रदर्शनातली ऱ्होड गर्द होत होत जवळजवळ काळपट तांबडी झाली, आणि अंड्यांचा हिशेब ठेवणारे कुरकुरू लागले. हा वाद पुढे दगडावर कोरला गेला, तोही अक्षरशः! 1925 साली ऱ्होडच्या शौकिनांच्या मंडळाने ॲडम्सव्हिल या तिथल्याच वस्तीत तिचे स्मारक उभारले. दुसऱ्याच वर्षी, दोनेक मैलांवर, सरकारने आणखी एक उभारले: ही कोंबडी घडवली ती शौकिनांनी नव्हे, पोटासाठी ती पाळणाऱ्या शेतकऱ्यांनी, असे सांगणारे. एका कोंबडीची दोन स्मारके! माझे मत विचाराल तर मी दुसऱ्या दगडापुढे नारळ फोडीन. 1954 साली तर त्या राज्याने तिलाच आपला राज्यपक्षी करून टाकले.

दुसरे कूळ या पहिल्याच्याच पोटचे. न्यू हॅम्पशायर राज्यातल्या शेतकऱ्यांनी 1915च्या सुमारास ऱ्होडमधूनच निवड सुरू केली. बाहेरचे रक्त घातले नाही. जी पिल्ले लवकर पिसारतात, लवकर वयात येतात, अंगाने भरतात, तेवढी ठेवीत गेले. वीसएक वर्षांत पाखरू इतके वेगळे झाले की 1935 साली त्याला स्वतंत्र जातीची मान्यता मिळाली. या दोघी बहिणी शेजारी उभ्या केल्या तर ओळख पटते. ऱ्होड गडद, तिचे अंग विटेसारखे लांबट चौकोनी. न्यू हॅम्पशायर उजळ, उन्हात तर नारिंगीकडे झुकणारी. मादीच्या मानेच्या खालच्या पिसांना काळी टोके. तिचा तुरा एकेरीच. तेव्हा चपट्या तुऱ्याची तांबडी कोंबडी दिसली, तर ती न्यू हॅम्पशायर नव्हे एवढे बिनधास्त सांगावे.

खरी फसगत होते ती तिसरीशी. तांबडा बाप आणि पांढुरकी आई अशी जोडी जमवली की, गुणसूत्रांच्या एका गमतीमुळे, मुली बापाच्या रंगावर जातात आणि मुलगे आईच्या. एक दिवसाचे पिल्लू रंगावरूनच नर की मादी ते कळते. केंब्रिजच्या रेजिनल्ड पनेट यांनी पहिल्या महायुद्धाच्या टंचाईत ही युक्ती सुचवली, ती निरुपयोगी नरांवर दाणे वाया जाऊ नयेत म्हणून. आज मोठ्या उबवणी केंद्रांत बहुतेक ठिकाणी ते नर पहिल्याच दिवशी मारून टाकतात. दिवाळीच्या अंकात लिहायला बरे वाटत नाही, पण आहे ते आहे. फ्रान्समध्ये 1978 साली निघालेली ‘इसा ब्राउन’ ही याच मेळातली. वर्षाला तीनशेच्या घरात अंडी देते. मात्र तिची पिल्ले तिच्यासारखी निघत नाहीत. ‘खाण तशी माती’ हा न्याय तिथे चालत नाही.

आमच्या शेजारच्या काकूंनी गेल्या वर्षी फिरत्या विक्रेत्याकडून सहा तांबड्या तलंगा घेतल्या. पिल्ले काढून विकायची आणि छपराच्या पत्र्यांची उसनवारी फेडायची, असा बेत.

“गुरुजी, अस्सल ऱ्होड म्हणून जादा पैसे मोजलेत. बघा बरं जरा.”

मी एकीला काखेत धरून पाठीवरची पिसे फुंकली. आत कापसासारखी पांढरी लव. शेपटीतही दोन पांढरी पिसे. ऱ्होडची लव कातडीपर्यंत तांबूस हवी आणि शेपूट हिरवी झाक मारणारे काळे.

“काकू, ही संकरित. अंडी भरपूर देईल, पण खुडूक बसायची आशा नको.”

काकू थोडा वेळ गप्प राहिल्या. मग म्हणाल्या, “मग अंडीच विकते. पिल्लांना माझी गावठी आहेच की.” निम्मी उसनवारी त्यांनी होळीच्या आत फेडली. विक्रेता पुन्हा आमच्या गल्लीत फिरकला नाही.

पायांवरून मात्र या तिघींत निवड करता येत नाही. तिघींचेही पाय पिवळे. त्या पिवळेपणाची हकिकत निराळीच आहे. सगळ्या पाळीव कोंबड्यांचा पूर्वज एकच, तो तांबडा रानकोंबडा, असे डार्विनने मानले होते. पण 2008 साली स्वीडनमधल्या उप्सालाच्या संशोधकांनी दाखवले, की पिवळ्या कातडीचा गुण त्या पूर्वजाकडून आलेला नाही. तो आला करड्या रानकोंबड्याकडून. आणि हा करडा रानकोंबडा राहतो आपल्या सह्याद्रीत आणि तिथून खाली दक्षिणेकडच्या रानांत. महाबळेश्वराच्या जंगलात पहाटे जो आरवतो, तो हाच.