माळवद, भूकंप आणि प्लॅटिनमचा शिक्का



मागच्या आठवड्यात लातूरच्या एका मैत्रिणीनं व्हॉट्सॲपवर एका नव्या स्कीमचं ब्रोशर पाठवलं. वर मोठ्या हिरव्या अक्षरांत ‘प्री-सर्टिफाइड ग्रीन बिल्डिंग’ आणि खाली तिचा प्रश्न: ‘हप्ता वीस वर्षं भरायचाय. हे ग्रीन खरं असतं का नुसता रंग?’ उत्तर टाइप करायला बसलो आणि विचार करता करता थेट माळवदापाशी पोचलो. म्हणून आजचा भाग.

माळवद ज्यांनी पाहिलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. दगड-मातीच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, आत लाकडी खांब, खांबांवर तुळया, त्यावर फळ्या आणि सगळ्यात वर पांढऱ्या मातीचा जाड थर. घर मोजायचं ते खणांत. ‘किती खणांचं माळवद?’ एवढं विचारलं की समोरच्याची ऐपत कळायची. पावसाळ्याआधी गळती नको म्हणून वर नवी माती पसरायची. जुनी माती काढायचे कष्ट कोण घेणार? थरावर थर चढत जायचा.

मे महिन्यात नांदेड-लातूरकडे ऊन कसं असतं ते तुम्हाला माहितीये. पण जाड भिंत आणि मातीचं छत ऊन फार सावकाश आत सोडतात. दुपारची तलखी भिंतीच्या आतल्या बाजूला पोचेपर्यंत संध्याकाळ उलटून जाते. मोठ्या वाड्यांना मधोमध चौक असायचा, तिथून गरम हवा वर निघून जायची. सामानही सगळं आसपासचंच. विजेचं बिल शून्य, कारण वीजच नव्हती!

मग आली ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी, गणपती बोळवून दमलेली माणसं गाढ झोपलेली. ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. किल्लारी, सास्तूर आणि आसपासची गावं काही सेकंदांत बसली. जवळपास आठ हजार माणसं गेली.

इथं एक हिशेब करून बघा. दोन फूट जाड माती म्हणजे छताच्या दर चौरस मीटरला साधारण एक टन वजन. शिवाय भिंती दिसायला जाड, पण आत दोन वेगवेगळे पापुद्रे, मधे खडी-माती भरलेली. दोन्ही बाजूंना आरपार धरून ठेवणारे लांब दगड बहुतेक ठिकाणी नव्हतेच. धक्का बसला आणि पापुद्रे सुटले. ज्या घरानं पिढ्यान् पिढ्या उन्हापासून वाचवलं, तेच घर अंगावर आलं.

पुढे ५२ गावं दुसऱ्या जागी वसवली. जमीन किती यावर २५०, ४५० किंवा ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. सरळ रस्ते, स्लॅबची घरं. बाकी गावांत जुनी घरं मजबूत करायचा मोठा कार्यक्रम झाला: छतावरची माती कमी करा, भिंतीत आरपार दगड किंवा काँक्रीटचे जोड घाला, वरून काँक्रीटचा पट्टा फिरवा, लाकडी सांध्यांना आधार द्या. म्हणजे दोष दगडाचा नव्हता, जोडणीचा आणि वजनाचा होता. पण ज्यानं ढिगाऱ्यातून माणसं काढली त्याला हे कोण पटवणार? लोकांचा दगडावरचा विश्वासच उडाला. सिमेंटचं ते पक्कं, हे मनात बसलं. माझ्या मते मराठवाड्याच्या घरांचा इतिहास इथंच वळला. भीती खरी होती, त्यामुळे कुणाला नावं ठेवायचं कारण नाही. फक्त स्लॅब उन्हात तापला की रात्री उशिरापर्यंत निवत नाही. मग कूलर, मग एसी. आणि जगभरातल्या कार्बन डायऑक्साइडमध्ये सिमेंटचा वाटा सात-आठ टक्क्यांच्या घरात आहे.

आता हैदराबादला चला. १९४८पर्यंत आपण त्याच संस्थानात होतो, आणि नांदेडकराला आजही पुण्यापेक्षा हैदराबादच जवळ. २००१मध्ये इंडियन ग्रीन बिल्डिंग कौन्सिल, म्हणजे आयजीबीसी, सुरू झाली. २००४मध्ये राष्ट्रपती अब्दुल कलामांनी हैदराबादच्या सोहराबजी गोदरेज ग्रीन बिझनेस सेंटरचं उद्घाटन केलं. ‘लीड’ या अमेरिकी पद्धतीचं प्लॅटिनम मिळवणारी भारतातली ही पहिली इमारत. आणि तिच्यात आहे काय? मधोमध चौक. जाळीच्या भिंती. हवा खेळवणारे मनोरे. छतावर माती आणि हिरवळ! वाचलं तेव्हा मला हसूच आलं. फरक इतकाच की इथं त्या मातीचं वजन इंजिनिअरनं मोजलेलं आहे.

२००७मध्ये ‘गृहा’ ही आपली राष्ट्रीय मानांकन पद्धत आली. आयजीबीसी असो की गृहा, काम परीक्षेसारखं चालतं: वीज, पाणी, सामान, हवा-उजेड, कचरा यांचे मार्क आणि बेरजेवर सिल्व्हर-गोल्ड किंवा तारे.

यात धंदा कुठे आला? २०१६ आठवा. मांजरा धरण आटलं. लातूरमध्ये पाण्याच्या टाक्यांभोवती १४४ कलम लागलं. १२ एप्रिलला मिरजेहून पाण्याची पहिली रेल्वे आली, दहा वाघिणी, पाच लाख लिटर. आता एक क्लासवाल्या पोरांचं हॉस्टेल धरा, २०० मुलं. शहरी हिशेबानं माणशी १३५ लिटर, म्हणजे रोज २७ हजार. ती अख्खी रेल्वे या एका हॉस्टेलला अठरा दिवस पुरली असती. पण त्या १३५मधले ४५ लिटर नुसते फ्लशचे. आंघोळीचं पाणी शुद्ध करून फ्लशला फिरवलं तर रोज नऊ हजार लिटर वाचतात, म्हणजे जवळजवळ टँकरची एक खेप. टँकरचा भाव ज्यानं भरलाय त्याला ‘पर्यावरण’ वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

बिल्डरचा फायदा वेगळा. महाराष्ट्राच्या २०२०च्या एकत्रित बांधकाम नियमावलीत ग्रीन इमारतीला जादा एफएसआय मिळतो: सिल्व्हरला ३, गोल्डला ५, प्लॅटिनमला ७ टक्के. लातूर आणि नांदेड-वाघाळा महापालिकाही या नियमावलीत येतात. म्हणजे तुमच्या बिलातली बचत नंतर, बिल्डरचे जादा चौरस फूट आधी. यात वाईट काही नाही, पण माहीत असावं.

आणि हेच मी मैत्रिणीला कळवलं. प्री-सर्टिफाइड म्हणजे नकाशाला मिळालेले मार्क. खरं सर्टिफिकेट बांधकाम झाल्यावर मिळतं. तेव्हा करारात लिहून घे की अंतिम सर्टिफिकेट कोणतं आणि कधी. साइटवर जाऊन पावसाच्या पाण्याचा पाइप कुठे जातो ते बघ. मी एका इमारतीत तो पाइप गटारात सोडलेला पाहिलाय, वर पाटी मात्र रेनवॉटर हार्वेस्टिंगची! पश्चिमेची भिंत आणि वरचा स्लॅब यांना उष्णतारोधक काय केलंय ते विचार. भूकंपाचं डिझाइन कुणी तपासलं तेही विचार, कारण ग्रीनचे मार्क वेगळे आणि भूकंपाची ताकद वेगळी. सांडपाण्याचा प्लांट चालवायचा महिन्याचा खर्च कुणाकडे, हे तर नक्कीच विचार. सोसायटी ताब्यात आली की आधी तोच बंद पडतो.

तिनं हे सगळे प्रश्न सेल्सच्या माणसाला पाठवलेत. अजून ब्लू टिक नाही.

तोवर तुम्ही एक करा. घरात आजी-आजोबा असतील तर विचारा, त्यांचं माळवद किती खणांचं होतं आणि ९३नंतर त्याचं काय झालं. त्यांच्याच आवाजात व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.