चिपाड कुणाचं?

मंडळी, पोस्ट लांब आहे, पण ज्यांची गावाकडे दोन-चार एकर ऊस आहे त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा. मीरा-भाईंदरमध्ये असे लोक कमी नाहीत. सातारा, सांगली, कोल्हापूर, नगर, सोलापूर, सगळीकडचे आहेत.

हल्ली मीरा रोडच्या मोठ्या मेडिकल दुकानांत 'प्रीबायोटिक' लिहिलेल्या पावडरी दिसतात. बऱ्याच जणांना हे दह्यासारखं काहीतरी वाटतं. तसं नाही. दह्यात जिवंत जिवाणू असतात, प्रीबायोटिक म्हणजे पोटातल्या चांगल्या जिवाणूंचं खाणं. आपल्याला ते पचत नाही, मोठ्या आतड्यापर्यंत तसंच जातं आणि तिथे त्या जिवाणूंना मिळतं. हा शब्द १९९५ मध्ये ग्लेन गिब्सन आणि मार्सेल रोबरफ्रॉइड या दोन शास्त्रज्ञांनी रूढ केला. कांदा, लसूण, केळी यांत असे पदार्थ निसर्गतः असतातच. पण त्यातलाच एक प्रकार, झायलो-ऑलिगोसॅकराइड नावाचा, उसाच्या चिपाडापासूनही काढता येतो. म्हणजे रसवंतीवाला ज्याची मोळी करून बाजूला फेकतो, त्या चिपाडापासून.

चिपाडात असतं काय? आपण इमारतींच्या शहरात राहतो, म्हणून तसंच सांगतो. उसाचा दांडा उभा राहतो तो सेल्युलोजच्या सळ्यांवर. त्यात सिमेंटसारखं भरलेलं असतं ते लिग्निन. आणि सळ्या एकमेकींना बांधणारी जी तार, ती हेमिसेल्युलोज. कोरड्या चिपाडात ही तार साधारण पाव हिस्सा असते, आणि ती मुख्यतः झायलन नावाच्या साखळीची बनलेली असते. अल्कली किंवा वाफेने ही साखळी मोकळी करायची, मग झायलनेज नावाच्या विकराने तिचे दोन, तीन, चार कड्यांचे तुकडे पाडायचे. हे तुकडे म्हणजेच ती जिवाणूंची साखर. फार बारीक कापलं तर नुसती झायलोज उरते, मग उपयोग गेला. कापण्यापेक्षा नंतर शुद्ध करण्याचा खर्च मोठा, म्हणून पुडी महाग.

आता इतिहासाकडे येतो, कारण माझा मुद्दा तिथे आहे. चिपाडाला 'कचरा' म्हणणं ही शहरातली सवय आहे. गुऱ्हाळावर चिपाड कधीच कचरा नव्हतं. रस निघाला की चिपाड उन्हात पसरायचं, वाळलं की चुलवणात घालायचं आणि त्याच आगीवर काहिलीत गूळ शिजवायचा. कोल्हापूरकडे चुलवणात जाळ घालणारा माणूस वेगळा असतो आणि त्याचा हात बिघडला तर गुळाचा रंग बिघडतो. ज्याचा ऊस, त्याच्याच उसाच्या चिपाडावर त्याचा गूळ व्हायचा. हिशेबाचा प्रश्नच नव्हता.

प्रश्न आला कारखान्याबरोबर. लोणीला विठ्ठलराव विखे पाटील, धनंजयराव गाडगीळ आणि वैकुंठभाई मेहता यांच्या प्रयत्नांतून सहकारी कारखाना उभा राहिला, १९५० च्या अखेरीस पहिलं गाळप झालं. शेतकरी मालक झाला ही गोष्ट मोठीच. पण ऊस काट्यावर चढला की वजनाचा भाव ठरायचा आणि चिपाड बॉयलरकडे जायचं. तोपर्यंत कुणाला काही वाटलं नाही, कारण चिपाड जाळूनच कारखाना चालायचा. एक टन उसामागे पावणेतीनशे-तीनशे किलो ओलं चिपाड निघतं. त्यात निम्मं पाणी. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रात सुमारे १,३२० लाख टन ऊस गाळला गेला, म्हणजे ओलं चिपाड साडेतीनशे लाख टनांच्या पुढे. एवढ्या मालाला कारखान्याच्या भाषेत नाव एकच, बगॅस.

मग बाहेरच्या जगाला या मालाची किंमत कळायला लागली. अमेरिकेत १९२० च्या दशकात लुइझियानामध्ये चिपाडाचे बांधकामाचे पत्रे करणं सुरू झालं होतं. त्याच दशकात क्वेकर ओट्स कंपनीने ओटच्या टरफलातून फरफ्युरल हे रसायन काढलं, तेही याच झायलनमधून. आमच्या धंद्याशी संबंधित गोष्ट म्हणजे तामिळनाडू सरकारने १९७९ मध्ये करूरजवळ चिपाडापासून वर्तमानपत्राचा कागद करणारी गिरणी काढली. साखर कारखान्यांनी चिपाड द्यायचं आणि गिरणीने त्या बदल्यात त्यांच्या बॉयलरची सोय करायची, असा सौदा. नंतर वीज आली, चिपाडावर सहवीजनिर्मिती. मळीचंही तसंच. १९६१ पासून १९९३ पर्यंत तिच्यावर सरकारी नियंत्रण होतं. आज त्याच मळीचं इथेनॉल आपल्या रिक्षा-स्कूटरच्या पेट्रोलमध्ये आहे.

पाचटाची गोष्ट वेगळी, आणि मला ती जास्त आवडते. ते कारखान्यात जात नाही, शेतातच पडतं. तोड झाली की खोडव्याची मशागत सोपी व्हावी म्हणून शेतकरी काडी लावतो. पुण्याच्या 'आरती' संस्थेत डॉ. आनंद कर्वे यांनी या पाचटाचा बंद पिंपात कोळसा करून त्याच्या कांड्या पाडायची पद्धत बसवली. त्यासाठी २००२ मध्ये संस्थेला लंडनचा ॲशडेन पुरस्कार मिळाला. तिकडे फलटणला बनबिहारी निंबकरांनी १९६८ मध्ये सुरू केलेल्या संस्थेत डॉ. अनिल राजवंशी आणि सहकाऱ्यांनी १९९० च्या दशकात पाचट आणि चिपाडावर चालणारा गॅसिफायर केला. जाता जाता सांगतो, कर्वे हे इरावतीबाईंचे चिरंजीव आणि निंबकर हे इरावतीबाईंचे जावई, लेखिका जाई निंबकरांचे पती. म्हणजे महाराष्ट्रात पाचटाकडे गंभीरपणे बघणारी दोन माणसं एकमेकांची मेव्हणे. बाकी राज्याने तोवर काडीपेटीच वापरली.

वाढ्यांचं उदाहरण तर बघाच. उसाच्या शेंड्याची हिरवी पानं, म्हणजे वाढे, ऊसतोड कामगार आपल्या बैलांना घालतात आणि उरलेले चाऱ्यासाठी विकतात. कुठल्या कायद्यात नाही, पण फडातला तो त्यांचा हक्क मानला जातो. संपूर्ण उसात मजुराच्या वाट्याला आलेली ही एकच चीज, आणि ती सुद्धा कुणी भाव ठरवून दिलेली नाही.

आता पुन्हा साखळी कापणाऱ्या विकराकडे येऊ. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, १९८० च्या दशकात चैनिया नावाच्या सूक्ष्मजीवाच्या झायलनेजवर काम चालू होतं. तिथलेच के. बी. बस्तवडे यांनी १९९२ मध्ये झायलन आणि ते तोडणारी विकरं यांवर लिहिलेला आढावा आजही या विषयातले लोक वाचतात. थोडक्यात, ऊस आपला, चिपाड आपलं, कापायची विद्याही पुण्यात होती. पण बाजार केला जपानने. तिथे १९९१ मध्ये आरोग्याला उपयुक्त खाद्यपदार्थांना सरकारी शिक्का द्यायची पद्धत सुरू झाली आणि या साखरेला त्यात जागा मिळाली. पुढे चीनने दाणे काढलेल्या मक्याच्या कणसांपासून ती मोठ्या प्रमाणावर काढली. आपल्याकडे चिपाड बॉयलरमध्येच राहिलं. त्याला कारणही होतं. शेतकऱ्याला पैसे देणं बाकी असताना कारखान्याला वीज विकून लगेच बिल मिळतं. जिवाणूंच्या साखरेला गिऱ्हाईक शोधावं लागतं.

एक गोष्ट मात्र लोकांच्या लक्षात येत नाही. झायलन आधी काढून घेतलं तरी चिपाड संपत नाही. सळ्या आणि सिमेंट उरतं, आणि जाळायला लिग्निन झायलनपेक्षा जास्त उष्णता देतं. म्हणजे आधी साखर, मग आग, हे होऊ शकतं. टनामागे कोरडं चिपाड दीडशे किलोच्या आत-बाहेर, त्यात झायलन साधारण पस्तीस किलो. सगळं काही हाती लागणार नाही, पण दिवसाचा डोस काही ग्रॅमचा असतो हे लक्षात घ्या.

पाचटापासूनही हीच साखर निघते, म्हणून उद्या कंपन्यांचे ट्रॅक्टर फडात येतील. माझं मत विचाराल तर पाचटावर पहिला हक्क जमिनीचा. कुट्टी करून खोडव्यात ठेवलं तर जमिनीला सेंद्रिय कर्ब मिळतो, पाणी कमी लागतं. सगळं पाचट उचलून नेलं तर जमीन आणखी उपाशी. चिपाडावर आधी प्रयोग करा.

रसवंतीचं चिपाड यात बसेल का, असं एकाने विचारलं. कठीण आहे. आपल्याकडच्या कितीतरी रसवंत्यांची नावं कानिफनाथ, नवनाथ अशी, कारण हा धंदा पुरंदर तालुक्यातल्या बोपगाव भागातल्या मंडळींनी वाढवला. त्यांच्याकडे दिवसाला काही मोळ्या निघतात, ओल्या, उन्हात दोन तासांत आंबणाऱ्या. काही तबेलेवाले नेतात, बाकी पालिकेच्या गाडीत. उत्तनच्या धावगी डोंगरावर कचऱ्याला आगी लागतात त्यात ही मोळीही असते. तिचं खत केलं तरी पुष्कळ झालं.

आणि हो, उसाचा रस प्यायला म्हणजे प्रीबायोटिक मिळालं असं नाही. रसात साधी साखर आहे. मधुमेहवाल्यांनी गैरसमज करून घेऊ नये.

शेवटचा मुद्दा हिशेबाचा. रंगराजन समितीने २०१२ मध्ये सांगितलं की साखर आणि बगॅस, मळी, प्रेसमड या उपपदार्थांच्या उत्पन्नातले ७० टक्के उसाला द्यावेत, किंवा नुसत्या साखरेच्या उत्पन्नातले ७५ टक्के. महाराष्ट्राने २०१३ मध्ये ऊस दराचा कायदा याच सूत्रावर केला. बगॅसची वीज झाली, मळीचं इथेनॉल झालं, तर त्या पुढच्या मालातही वाटा द्या, ही शेतकरी संघटनांची मागणी तेव्हापासूनची. केंद्राने २०२४ मध्ये जैवतंत्रज्ञानाचं नवं धोरण आणलं, त्यात आरोग्याला उपयुक्त खाद्यपदार्थ आणि विकरं दोन्ही आहेत. उद्या एखाद्या कारखान्याने खासगी कंपनीबरोबर करार करून चिपाडातून ही साखर काढली, तर सूत्रात ते चिपाड जळणाच्या भावाने धरणार की साखरेच्या? तुमच्या कारखान्याची वार्षिक सभा सहसा सप्टेंबरमध्ये असते. सभासद असाल तर करार व्हायच्या आधी, अहवालाचं पुस्तक हातात घेऊन हे विचारा.