राउटरचे सॉफ्टवेअर : देखरेख व अपग्रेड

राउटर हे पॅकेटांना वाट दाखवणारे यंत्र आहे. पॅकेटवरचा पत्ता पाहून ते कुठल्या दिशेला धाडायचे, हे त्यातले सॉफ्टवेअर ठरवते : सिस्कोच्या राउटरांत आयओएस व तिची भावंडे, ज्युनिपरच्या राउटरांत फ्रीबीएसडीच्या पायावर बांधलेली जुनॉस. या सॉफ्टवेअरची आवृत्ती बदलणे, कॉन्फिगरेशन जपणे आणि यंत्राच्या प्रकृतीवर लक्ष ठेवणे ही कामे वेगवेगळ्या टेबलांवर वाटली जातात, पण मुळात जबाबदारी एकच. नव्या आवृत्तीत काय आहे, याची चर्चा पुष्कळ होते. कामाची खरी कसोटी मात्र निराळी असते : बिघडले तर त्या राउटरपर्यंत पोहोचायचे कोणत्या वाटेने? राउटर दुरुस्त करणारा माणूस बहुधा त्याच राउटरमधून जाणाऱ्या वाटेवर उभा असतो, आणि या क्षेत्रातले मोठे अपघात तिथूनच वाढत गेले आहेत.

अपग्रेडची रीत थोड्याफार फरकाने सगळीकडे सारखी. वर्दळ कमी असलेली वेळ निवडायची, चालू कॉन्फिगरेशनची प्रत यंत्राबाहेर ठेवायची, नवी फाइल फ्लॅश मेमरीत उतरवून तिचा चेकसम उत्पादकाने दिलेल्या आकड्याशी ताडून पाहायचा, जुनी फाइल पुसायची नाही, वाहतूक शेजारच्या वाटेने वळवायची आणि मगच रिबूट. यंत्र उठले म्हणजे काम झाले असे नव्हे. बीजीपी या मार्गांची देवाणघेवाण करणाऱ्या प्रोटोकॉलचे किती शेजारी राउटर परत आले, मार्गांची संख्या पूर्वीइतकी भरली का, हे आधी टिपून ठेवलेल्या आकड्यांशी जुळवावे लागते. देखरेखीची किंमत कळते ती इथे. 1988 पासूनची एसएनएमपी ही यंत्रांचे आकडे विचारून घेणारी पद्धत असो वा आजची सतत आकडे धाडणारी टेलिमेट्री, निरोगी दिवसाची नोंदच नसेल तर आजारी दिवस ओळखायचा कशावरून? जुनॉसमधली ‘कमिट कन्फर्म्ड’ ही आज्ञा या साऱ्या कामाचा गाभा सांगते. बदल लागू होतो, पण 10 मिनिटांत तो पुन्हा पक्का केला नाही, तर राउटर आपणहून आधीच्या कॉन्फिगरेशनवर परततो. केलेल्या बदलामुळे इंजिनियरचीच वाट बंद होईल, हे तिथे गृहीतच धरलेले आहे.

8 जुलै 2022 रोजी कॅनडातील रॉजर्स या दूरसंचार कंपनीत हे गृहीतक खरे ठरले. गाभ्यातल्या जाळ्याचे सात टप्प्यांचे नूतनीकरण चालू होते. सहाव्या टप्प्यात, पहाटे पावणेपाचच्या सुमारास, वितरण राउटरांवरचा मार्ग गाळणारा फिल्टर काढला गेला. मार्गांचा लोंढा गाभ्यातल्या राउटरांवर कोसळला आणि ते बंद पडले. 1 कोटी 20 लाखांहून अधिक ग्राहकांचे फोन व इंटरनेट गेले, इंटरॅक ही बँक-व्यवहारांची यंत्रणा ठप्प झाली, आणीबाणीचे 911 कितीतरी जणांना लागेना. चूक एका फिल्टरची होती, पण कारण सापडायला सुमारे 14 तास गेले, कारण राउटरांचे व्यवस्थापन करणारे जाळे त्याच गाभ्यावर अवलंबून होते. लॉग होते, पण ते वाचायला आत जाता येत नव्हते. आणखी एक गोष्ट लक्षात घेण्याजोगी आहे. आधीचे टप्पे सुरळीत पार पडल्यामुळे जोखीम मोजणाऱ्या पद्धतीने या कामाची श्रेणी वरून खाली आणली होती. पाच टप्पे नीट झाले, म्हणून सहावा निर्धोक ठरत नाही. त्यात काय बदलते आहे, तेच पाहायला हवे.

यावर अनुभवी माणसेही म्हणतात की चालते आहे त्याला हात लावू नये. या सल्ल्यात तथ्य आहे, पण ते थोड्या काळापुरते. 12 ऑगस्ट 2014 रोजी इंटरनेटच्या मार्गांचा तक्ता 5 लाख 12 हजारांच्या वर गेला आणि तेवढीच जागा राखून ठेवलेले जुने राउटर जगभर अडखळले. मर्यादा वाढवण्याची सूचना काही महिन्यांपूर्वीच निघाली होती, पण त्यासाठी रिबूट लागत होते. ज्यांनी ते टाळले, त्यांच्यासाठी वेळ दुसऱ्यांनी निवडली. सुरक्षेतल्या भेगांचेही तसेच : 2023 च्या ऑक्टोबरमध्ये सिस्कोच्या आयओएस एक्सईच्या वेब-इंटरफेसमधील त्रुटीतून हजारो यंत्रे हल्लेखोरांच्या हाती गेली. दुसरा आक्षेप राउटरपर्यंत पोहोचणारी स्वतंत्र वाट ठेवण्याच्या खर्चाचा आहे. कन्सोल पोर्टला जोडलेला सर्व्हर, दुसऱ्या कंपनीच्या सिमवरचा मोडेम हे सारे वर्षभर बिनकामाचे पडून राहते, आणि लहान सेवादात्याला तो भार जाणवतो, हे खरेच. त्याने निदान सर्वांत दूरच्या यंत्रांपासून सुरुवात करावी, कारण तिथे माणूस पोहोचायलाच सर्वाधिक वेळ जातो. 8 नोव्हेंबर 2023 रोजी ऑस्ट्रेलियात ऑप्टस या दूरसंचार कंपनीचे सुमारे 90 राउटर, एका नित्याच्या अपग्रेडनंतर बाहेरून आलेल्या मार्गांच्या भाराने, स्वसंरक्षणासाठी आपोआप जाळ्यापासून तुटले. सेवा सुमारे 14 तास विस्कळीत राहिली आणि काही ठिकाणी इंजिनियर धाडून राउटर हाताने पुन्हा सुरू करावे लागले.