रविवारी रात्री बाराला

या घटनाक्रमातलं यंत्र प्रातिनिधिक आहे. चूक मात्र खरी आहे: लिनक्स कर्नलच्या ५.१ आवृत्तीतली, मे २०१९ची.

मंगळवार, १४ मे. पाच दिवस आधी

इंटेलच्या प्रोसेसरमधल्या ‘एमडीएस’ त्रुटी जगजाहीर होतात. त्याच दिवशी त्यांच्यावरचे उपाय घेऊन कर्नल ५.१.२ येतो. मूळ ५.१ अवघ्या नऊ दिवसांपूर्वीचा आहे. एरवी सावध माणूस चार आठवडे थांबला असता, पण सुरक्षेचं नाव निघाल्यावर कोण थांबतो?

रविवार, १९ मे, सकाळी ११. तेरा तास

अपडेट होतं, यंत्र रीबूट होतं, सगळं सुरळीत चालतं.

यंत्रात २५० जीबीची साटा एसएसडी आहे आणि तिच्यावर एलव्हीएम, म्हणजे डिस्कच्या जागेचे हवे तसे विभाग पाडणारी व्यवस्था. आधी ३० जीबीची रूट, तिच्यावर बीटीआरएफएस ही फाइल सिस्टीम. तिला लागूनच १५० जीबीची होम, ईएक्सटी४. मागच्या वर्षी रूट अपुरी पडायला लागली तेव्हा होमच्या पलीकडची २० जीबी तिला जोडली होती. एकाच सातबाऱ्यावर जमिनीचे दोन तुकडे आणि मध्ये दुसऱ्याचं शेत, असा प्रकार. रूटला मात्र आपली ५० जीबी सलगच दिसते. हा देखावा सांभाळायचा, म्हणजे कुठली मागणी डिस्कवर नेमकी कुठे जाते ते ठरवायचं, हे कर्नलमधल्या डिव्हाइस मॅपरचं काम.

दुपारी ३. नऊ तास

काहीच घडत नाही. तेवढ्यात मर्यादांचं बोलून घेऊ.

प्रत्येक साठवण उपकरणाचा एका घासाचा आकार ठरलेला असतो. जुन्या एटीए आज्ञेत सेक्टर मोजायला आठच बिट होते, म्हणून एका वेळी जास्तीत जास्त २५६ सेक्टर, म्हणजे १२८ केबी. यूएसबी २ वरच्या डिस्कना लिनक्स सहसा २४० सेक्टरच देतो, कारण स्वस्त जोडचिप्स त्याहून मोठा घास घेताना अडखळतात. वरून आलेली मागणी मोठी असली तर कर्नल तिचे तुकडे करतो. तिथे चूक झाली तर बहुतेकदा उपकरणच बोंब मारतं आणि लॉगमध्ये त्रुटी दिसते.

ट्रिमचं तसं नाही. अमुक जागा आता रिकामी आहे, एवढंच ती आज्ञा एसएसडीला सांगते. माहिती वाहून न्यायची नसते, फक्त पत्ते द्यायचे असतात. आठ बाइटच्या एका नोंदीत ४८ बिटांचा पत्ता आणि १६ बिटांची लांबी बसते. ५१२ बाइटच्या एका ठोकळ्यात अशा ६४ नोंदी मावतात आणि एक नोंद ६५,५३५ सेक्टरपर्यंत पोचते. गुणाकार केला तर अर्ध्या केबीच्या चिठ्ठीवर जवळपास २ जीबी पुसली जाते. माझ्या मते, संगणकात इतक्या कमी श्रमात इतकं नुकसान करणारी दुसरी आज्ञा शोधावी लागेल.

म्हणून इथे दोन मर्यादा पाळाव्या लागतात. एक उपकरणाची: एका वेळी किती? दुसरी हद्दीची: हा तुकडा कुठे संपतो?

संध्याकाळी ७. पाच तास

दुसरी मर्यादा या कर्नलमध्ये नाही.

५.१च्या तयारीत डिव्हाइस मॅपरमधून ‘स्प्लिट_डिस्कार्ड_बायोज’ नावाचा एक ध्वज काढून टाकला गेला. साफसफाईच होती, हेतूही चांगला होता. पण त्या ओघात ट्रिमसारख्या खास आज्ञांना तुकड्याच्या हद्दीवर थांबवणारा हिशेबही गेला. गवत काढताना बांधच काढला. नेहमीच्या वाचन-लेखनाचा रस्ता वेगळा आहे आणि तिथला बांध शाबूत आहे. म्हणूनच दिवसभर कुणाला काही जाणवलेलं नाही.

रात्री ११.५९. एक मिनिट

ट्रिमची आज्ञा सोडणाऱ्या ‘एफएसट्रिम’चा साप्ताहिक टायमर सोमवार लागताच सुटतो, तासाभराची ढील धरून. यंत्र बंद करून झोपलं तरी सुटका नाही; हुकलेली पाळी तो पुढच्या वेळी यंत्र सुरू होताच भरून काढतो.

सोमवार, २० मे, १२ ते १ च्या दरम्यान

बीटीआरएफएस सांगतं: २४व्या जीबीपासून ५०व्या जीबीपर्यंत माझं काही नाही. त्याच्या बाजूने हे खरंच आहे. या मागणीचे मोठे तुकडे पडतात. त्यांतला एक ३० जीबीची सीमा ओलांडतो. त्याचा उरलेला भाग दुसऱ्या तुकड्याकडे, होमच्या पलीकडे वळायला हवा होता. तो सरळ पुढे जातो, होममध्ये, तिच्या अगदी सुरुवातीला. असा सांडलेला भाग २ जीबीच्या आसपासही जाऊ शकतो.

एसएसडी तक्रार करत नाही, कारण तिच्या लेखी पत्ते वैध आहेत. लॉगमध्ये एकही त्रुटी नाही. किती जीबी ट्रिम झाली तो आकडा छापून एफएसट्रिम यशस्वीपणे संपतो.

सकाळी ९

होममधल्या उघड्या फाइली अजून दिसतात, कारण त्या रॅममध्ये आहेत. मग कुणीतरी रीबूट करतं.

सोमवार, रात्री

ईएक्सटी४ आपल्या सुपरब्लॉकच्या प्रती गट १, ३, ५, ७, ९, २५, २७ अशा ठिकाणी ठेवतं. एक गट १२८ एमबीचा, त्यामुळे पहिल्या २ जीबीत पहिल्या पाचही प्रती जातात. २५व्या गटातली, ब्लॉक ८१९२००वरची, वाचते. तिच्या आधारे दुरुस्ती सुरू होते खरी, पण पहिल्या सोळा गटांच्या आयनोड तक्त्यांचा पत्ता नाही; ते सगळे सुरुवातीलाच एकत्र ठेवलेले असतात. मूळ डिरेक्टरीची नोंदही त्यातच होती. जे सापडतं ते ‘लॉस्ट अँड फाउंड’मध्ये, नावाऐवजी आकडे लावून. पुसलेल्या जागी बऱ्याच एसएसडी शून्यच परत देतात, त्यामुळे तिथून काही खरवडून काढायचा प्रश्नच उरत नाही.

शनिवार, २५ मे

कर्नल ५.१.५ येतो. हद्दीचा हिशेब त्यात परत घातलेला आहे. टायमरची पुढची पाळी सोमवारी, २७ तारखेला.